कोड एडिटरची निवड

वेब ॲप्लिकेशनचा कोड लिहिण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला कोड एडिटर म्हणतात. तो फाइलमध्ये निव्वळ मजकूर साठवतो. वर्ड प्रोसेसर त्यात सजावटीची माहिती मिसळतो, म्हणून तो या कामाला चालत नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत शिकणारे विद्यार्थी बहुधा मित्राकडे जो एडिटर दिसतो तोच उतरवून घेतात. वास्तविक ही निवड हाताशी असलेल्या संगणकावरून आणि ज्या लिपीतला मजकूर हाताळायचा आहे तिच्यावरून व्हायला हवी.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जाहीर केलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड सध्या सर्वाधिक वापरला जातो. तो मोफत आहे. मात्र वेब तंत्राने डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ज्या इलेक्ट्रॉन चौकटीवर तो उभा आहे तिच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर असल्याने, ४ जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावर चाचणीसाठी दुसरा ब्राउझर आणि डेटाबेस सुरू केला की सगळेच रेंगाळू लागते. अशा ठिकाणी सब्लाइम टेक्स्ट किंवा २००३ पासून उपलब्ध असलेला, केवळ विंडोजवर चालणारा नोटपॅड प्लस प्लस बरा पडतो. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हा एडिटर व बाहेरचा प्रोग्रॅम यांच्यातील संवादाचा ठरावीक नियमसंच आल्यापासून चुका दाखवणे, नावे सुचवणे ही कामे एडिटरबाहेरचा प्रोग्रॅम करू शकतो, त्यामुळे एडिटरांमधील जुने अंतर बरेच कमी झाले आहे. एकाच एडिटरवर फार विसंबू नये, हे गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या ॲटम एडिटरने दाखवून दिले. तो १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद करण्यात आला.

खरी कसोटी देवनागरीची. रावेरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्यासाठी नोंदवहीचे ॲप्लिकेशन करायचे झाले, तर ‘शेतकऱ्यांची यादी’ हे शीर्षक त्यात येणारच. यातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब दिसतात. पण शोध घेतला की एक सापडते आणि दुसरे निसटते. म्हणून अदृश्य चिन्हे उघड करून दाखवणारा एडिटर येथे जास्त उपयोगी ठरतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे निव्वळ अक्षरी आज्ञांच्या खिडकीत, चालणाऱ्या व्हिमसारख्या एडिटरात जोडाक्षरांवर कर्सर भलतीकडेच उभा राहतो. पण लिनक्स सर्व्हरवर दुरून एखादी ओळ बदलायची असेल, तर तोच कामी येतो.

फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोड संकेतांच्या प्रचलित साठवण-पद्धतीत, पण आरंभचिन्हाविना साठवली जाते का, हेही पाहावे. विंडोजचे जुने नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांचे चिन्ह घालत असे. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेच्या फाइलमध्ये ते पानाआधीच ब्राउझरकडे रवाना होते, त्यामुळे लॉगिनची ओळखखूण पाठवायची राहून जाते आणि मग लॉगिन का होत नाही याचा शोध घेण्यात दुपार जाते. कृतिदेव किंवा श्रीलिपी या युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला जुना मजकूर तर कोणताही एडिटर आपणहून वाचू शकत नाही. त्यात रोमन अक्षरांची जंत्रीच दिसते, तेव्हा तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

भारनियमनाचे वेळापत्रक असलेल्या गावात डेस्कटॉपवर काम करणाऱ्याने, न साठवलेली फाइल पुन्हा उघडताना जशीच्या तशी परत देणारी सोय एडिटरमध्ये आहे का, हे एकदा मुद्दाम प्लग काढून पाहावे.