व्ही-ब्रेक आणि कँटिलिव्हर: एमटीबीवर कंपनी फिटिंगचे रिम ब्रेक खरंच इतके कमजोर असतात का?

एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाईकचा, ब्रेक नीट लागत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कड्याला म्हणजे रिमला दाबणारे) असलेच असतात, डिस्कवाली (चाकाच्या मध्यावरच्या चकतीला दाबणारे ब्रेक असलेली) घे. मला हा सल्ला घाईचा वाटतो, कारण रिम ब्रेक म्हणून लोक ज्याबद्दल बोलत असतात त्या प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कँटिलिव्हर आणि व्ही-ब्रेक, आणि एकाची कीर्ती दुसऱ्याच्या माथी मारली जाते. बरं, गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हीत दोन हात असतात, दोन्ही फोर्कवर किंवा मागच्या दांड्यांवर रिमच्या जरा खाली असलेल्या त्याच दोन खुंट्यांवर बसतात, दोन्ही रिमला दोन बाजूंनी दाबतात. एक काढून त्याच खुंट्यांवर दुसरा बसवता येतो. पण लीव्हर मात्र तोच चालत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

ओळखायचं कसं, तर वायर कुठून येते ते बघा. कँटिलिव्हरमध्ये मुख्य वायर चाकाच्या बरोबर मधोमध वरून खाली येते आणि दोन हातांना जोडणाऱ्या एका आडव्या वायरला मधून वर खेचते, म्हणजे समोरून बघितलं तर उलटा व्ही दिसतो. हात आखूड, बऱ्याचदा बाहेरच्या बाजूला पसरलेले. व्ही-ब्रेकमध्ये हात उंच आणि सरळ उभे, साधारण १०० मिलिमीटरच्या वर लांबीचे, आणि वायर एका बाजूने वाकड्या धातूच्या नळीतून (हिला नूडल म्हणतात) येऊन टायरवरून आडवी दुसऱ्या हाताला जाते. रबराची काळी घडीदार टोपी त्या आडव्या वायरवर दिसली की समजायचं व्ही-ब्रेक.

सुरुवातीच्या एमटीबींवर कँटिलिव्हरच असायचे, १९८१ च्या स्टंपजंपर या सुरुवातीच्या एमटीबीवरसुद्धा तेच होते. सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९९६ च्या सुमाराला एक्सटीआर आणि एक्सटी या आपल्या महागड्या पार्टच्या संचांमध्ये व्ही-ब्रेक आणले आणि मग काही वर्षांतच एमटीबीवरून कँटिलिव्हर जवळपास गेले. त्यामुळे आज स्वस्त किंवा मध्यम एमटीबीवर कंपनीतून रिम ब्रेक आला असेल तर तो बहुतेक व्ही-ब्रेकच असतो, आणि जुनी एमटीबी कुणाकडून घेतली असेल तर कँटिलिव्हर असण्याची शक्यता बरीच.

आता खरा फरक. व्ही-ब्रेकचा हात लांब, म्हणजे पॅडवर जोर जास्त येतो, पण त्या बदल्यात वायर जास्त ओढावी लागते. म्हणून व्ही-ब्रेकचा लीव्हर साधारण दुप्पट वायर ओढेल असा बनवलेला असतो, त्याच्या पिनपासून वायरचं टोक अडकतं तिथपर्यंतचं अंतर जास्त असतं. कँटिलिव्हरचा लीव्हर थोडी वायर ओढतो पण जोरात ओढतो. हे दोन उलटसुलट झाले की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण लीव्हर दाबून बघितल्यावर हाताला जे जाणवतं ते इथे चक्क फसवं असतं.

कँटिलिव्हरला व्ही-ब्रेकचा लीव्हर लावला तर लीव्हर दगडासारखा कडक लागतो, जरा दाबला की थांबतो, माणूस म्हणतो वा काय टाईट ब्रेक आहे, आणि उतारावर गेल्यावर कितीही दाबलं तरी सायकल थांबत नाही, कारण पॅडवर जोर पोचतच नाही. उलट व्ही-ब्रेकला जुना कँटिलिव्हरचा लीव्हर लावला तर जोर भरपूर मिळतो पण वायर पुरत नाही, लीव्हर मऊ लागतो आणि हँडलला टेकेपर्यंत येतो, मग लोक पॅड रिमला अगदी चिकटवून ठेवतात, चाक जरा आऊट (वाकडं) झालं की घासतं, आणि पॅड थोडे झिजले की एक दिवस लीव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक पूर्ण लागलेलाच नसतो. हा दुसरा प्रकार जास्त धोकादायक, कारण आदल्या दिवसापर्यंत सगळं ठीक वाटत असतं. म्हणून कडक लीव्हर म्हणजे चांगला ब्रेक हे डोक्यातून काढून टाका. काही लीव्हरमध्ये वायरचं टोक अडकवायला दोन जागा दिलेल्या असतात, एक व्हीसाठी आणि एक कँटिलिव्हरसाठी, तसा असेल तर फक्त जागा बदलून काम होतं.

कँटिलिव्हरची आणखी एक भानगड म्हणजे त्याचा जोर सेटिंगवर फार अवलंबून असतो. मधली आडवी वायर किती उंचीवर ठेवली त्यावर सगळा खेळ. ती खूप उंच ठेवली की लीव्हर कडक आणि ब्रेक कमजोर, खाली आणली की जोर वाढतो पण मग टायर आणि वायर यात जागा कमी उरते आणि चिखल अडकतो. म्हणजे तोच ब्रेक एकाच्या हातून उत्तम लागतो आणि दुसऱ्याच्या हातून काहीच नाही. व्ही-ब्रेकमध्ये असा कोन सांभाळायचा नसतो, वायर ताणली, पॅड सरळ केले की झालं. माझ्या मते व्ही-ब्रेक जिंकला तो नुसत्या ताकदीमुळे नाही, तो चुकीचा बसवणं अवघड आहे म्हणून.

एक सुरक्षेची गोष्ट इथेच सांगतो. पुढच्या कँटिलिव्हरची मुख्य वायर तुटली किंवा सुटली तर ती आडवी वायर खाली टायरवर पडू शकते, जाड खाचांच्या टायरमध्ये अडकून पुढचं चाक जागेवर थांबवू शकते, आणि मग माणूस हँडलवरून पुढे. तिथे मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी असेल तर ती वायरला अडवते, म्हणून कँटिलिव्हरच्या सायकलवरून ती पट्टी शोभेची म्हणून काढू नका. व्ही-ब्रेकची वायर तुटली तर ब्रेक जातो, पण चाक अडकत नाही.

कँटिलिव्हर अगदीच टाकाऊ मात्र नाही हं. सायक्लोक्रॉसवाले (चिखल-मातीतून सायकल शर्यत करणारे) तो कितीतरी वर्षं वापरत राहिले, यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने २०१० मध्ये तिथे डिस्कला परवानगी देईपर्यंत स्पर्धेत बहुतेक तोच, कारण चिखलाला जागा मिळते आणि रोड सायकलचे लीव्हर कमी वायर ओढणारे असतात, त्यांच्याशी तो जुळतो.

आता मूळ प्रश्न, कंपनी फिटिंगचा व्ही-ब्रेक कमजोर का वाटतो. कोरड्या रस्त्यावर धड बसवलेला व्ही-ब्रेक मागचं चाक सहज लॉक करतो, पुढचा जोरात दाबला तर मागचं चाक उचलू शकतो. म्हणजे तिथे मर्यादा टायरच्या पकडीची आणि वजनाच्या तोलाची असते, ब्रेकची नाही, डिस्क लावून तीच सायकल तिथे फार लवकर थांबणार नाही. मग कमी काय पडतं, तर बहुतेक वेळा पॅड. स्वस्त सायकलवर येणारे पॅड कडक रबराचे असतात, टिकतात खूप पण पकडत नाहीत. चांगल्या मऊ कंपाउंडचे पॅड टाकले तर तोच ब्रेक वेगळा वाटतो, ओल्यासाठी कूल-स्टॉप कंपनीचे सॅमन (नारिंगी-गुलाबी) रंगाचे पॅड ओळखले जातात ते उगाच नाही. जुने पॅड असतील तर त्यांचा चकचकीत झालेला थर पॉलिश पेपरने घासून काढा आणि त्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टोकदार वस्तूने काढा, ते रिमला ओरखडत असतात. रिम स्पिरिटने पुसून घ्या, साखळीचं तेल तिथे उडालेलं असतं ते कुणी बघत नाही.

दुसरं कारण आउटर, म्हणजे ब्रेकची वायर जिच्यातून जाते ती बाहेरची नळी. जास्त लांब, चेपलेला, आत गंजलेला आउटर असेल तर तुमचा निम्मा जोर तिथेच संपतो. आणि गिअरचा आउटर ब्रेकला कधीच लावू नका, त्याच्या आतल्या तारा लांबीने उभ्या असतात, ब्रेकच्या जोराने तो फाटू शकतो, ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते. काही सायकलींवर पुढच्या ब्रेकच्या नूडलमध्ये स्प्रिंग असलेला पॉवर मॉड्युलेटर येतो, नवख्या माणसाने एकदम दाबून पडू नये म्हणून. त्यामुळे लीव्हर स्पंजासारखा वाटतो, बिघाड नसतो तो, सवय झाल्यावर साधा नूडल टाकता येतो. स्वस्त ब्रेकचे हातच लवचिक असतात आणि खुंटीवर डुगडुगतात, त्याला मात्र सेटिंगने इलाज नाही, ब्रेकच बदलावा लागतो.

पॅड बसवताना पूर्ण पॅड रिमवर आला पाहिजे, टायरला लागता कामा नये, तो बाजू कापत जातो आणि टायर फुटतो, आणि खूप खालीही नको, कारण झिजत गेल्यावर पॅड आणखी खाली सरकतो आणि रिमखालून स्पोकमध्ये घुसू शकतो. चीं चीं आवाज येत असेल तर पॅडचं पुढचं टोक आधी टेकेल असा साधारण १ मिलिमीटरचा तिरपेपणा द्या.

रिम ब्रेक खरोखर हरतो तो पावसात आणि चिखलात. ओल्या रिमवर पहिले काही क्षण पॅड फक्त पाणी पुसत असतो, चिखल असेल तर वाळू रिम घासून काढते, लोखंडी क्रोम रिम असेल तर पावसात ब्रेक आहे की नाही असा प्रश्न पडतो. लांब उतारावर बोटं दुखतात, रिम तापते. चाक आऊट झालं तर ब्रेक टप्प्याटप्प्याने पकडतो. तुमचं रायडिंग रोज असंच असेल तर डिस्कच घ्या, त्यात दुमत नाही. नाहीतर आधी लीव्हर ब्रेकला जुळतो का ते बघा, मग पॅड आणि आउटर बदला, खर्च किरकोळ असतो. आणि पॅड बदलायला चाक काढलंच आहे तर रिमच्या बाजूवरून बोट फिरवा, आत खोलगट लागली किंवा झिजेची खूण म्हणून दिलेली खाच पुसली गेली असेल तर रिम बदलायची, कारण झिजलेली रिम टायरच्या हवेच्या दाबाने चालत्या सायकलवर उकलू शकते.