प्रगत रेखांकन (विद्यापीठीय अभ्यासविषय)

रेखांकनाची मूलभूत कौशल्ये हाती आल्यानंतर रेषा, छटा, पोत आणि कागदावरची मोकळी जागा यांच्या साहाय्याने स्वतःचा आशय शोधण्याचा व मांडण्याचा जो अभ्यास दृश्यकलेच्या पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमात केला जातो, त्यास प्रगत रेखांकन म्हणतात. प्राथमिक वर्गात समोरची वस्तू प्रमाणबद्ध उतरावी एवढी अपेक्षा असते. प्रगत वर्गात मात्र ती वस्तू का निवडली आणि ती याच साधनाने, याच आकारमानात, याच वेगाने का काढली, याचे उत्तर चित्रातूनच मिळावे लागते. ‘प्रगत’ म्हणजे अधिक हुबेहूब असा समज नव्या विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो आणि तो दूर होण्यातच पहिल्या सत्राचा बराच काळ जातो.

रेखांकनाला स्वतंत्र अभ्यासविषयाचा दर्जा फार उशिरा मिळाला. इटालियन भाषेतील ‘डिझेन्यो’ या शब्दात रेखांकन आणि मनातील योजना असे दोन्ही अर्थ सामावलेले होते. चित्र, शिल्प व वास्तू या तिन्ही कलांचे मूळ डिझेन्योत आहे अशी इटालियन चित्रकार व कलालेखक जॉर्जो व्हासारी यांची भूमिका होती आणि त्यांच्याच पुढाकाराने 1563 मध्ये फ्लॉरेन्स येथे स्थापन झालेल्या कला अकादमीच्या नावातही हा शब्द आहे. तरीही पुढील तीन शतके रेखांकन ही मुख्यतः पूर्वतयारीच मानली गेली. आधी मुद्राचित्रांच्या (ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या) नकला, मग प्राचीन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती आणि शेवटी जिवंत मॉडेल, असा युरोपातील अकादमींचा क्रम ठरलेला होता. या क्रमातील शेवटची पायरी स्त्रियांना दीर्घकाळ बंद होती. लंडनच्या 1768 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकादमीने विद्यार्थिनींना मॉडेलवरून काढण्याची मुभा 1890 च्या दशकात दिली, तीही मॉडेल अंशतः वस्त्रावृत असण्याच्या अटीवर. मानवी देहाचे रेखांकन हा शिक्षणाचा कळस मानला जात असताना तिथवर पोहोचूच न देणे म्हणजे व्यवसायाचे दार बंद करणे होते.

विद्यापीठाच्या चौकटीत हा विषय आला त्या संदर्भात 1871 हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये स्लेड कलाशाळा सुरू झाली. तिथे स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश होता आणि मॉडेलवरून थेट रेखांकन हा शिक्षणाचा गाभा होता. त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी रेखांकनशाळा स्थापन केली. व्यावसायिक कलावंत तयार करण्यापेक्षा रेखांकनातून नीट पाहायला शिकवणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटत होते. एकीकडे कलावंत घडवणे आणि दुसरीकडे पाहण्याची शिस्त लावणे, ही ओढाताण आजच्या अभ्यासक्रमांतही जाणवते.

अभिव्यक्तीचा आग्रह विसाव्या शतकात बळावला. 1919 मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेत चित्रकार पाउल क्ले यांनी रेषेला गती आणि ताण असलेली घटना म्हणून शिकवले. तिचे वस्तूची कड दाखवण्याचे काम दुय्यम ठरले. न्यूयॉर्कमधील शिक्षक किमॉन निकोलाइडिस यांच्या सरावपद्धती त्यांच्या मृत्यूनंतर, 1941 मध्ये ग्रंथरूपाने आल्या आणि आजही वर्गांत वापरल्या जातात. त्यांतील एका सरावात कागदाकडे न पाहता नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरवायची असते आणि हात नजरेच्याच गतीने चालवायचा असतो. चित्र वेडेवाकडे होते. पण डोळ्यांनी पाहिलेले आणि सवयीने ठाऊक असलेले यांतला फरक एरवी इतका स्पष्ट कळत नाही. दुसरा सराव जलद हालचालटिपणांचा असून त्यात मॉडेलची मुद्रा अर्ध्या-एक मिनिटात बदलते, त्यामुळे अवयव सोडून शरीराचा तोल आणि रोख तेवढा पकडता येतो.

साधनाची निवड या टप्प्यावर आशयाचा भाग बनते. 1795 मध्ये फ्रेंच संशोधक निकोला-झाक काँते यांनी ग्रॅफाइटची पूड आणि माती एकत्र भाजून पेन्सिलीची कांडी करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण वाढवले की कांडी कठीण व रेषा फिकट होते, घटवले की मऊ व गडद. कोळसा कागदाला घट्ट चिकटत नाही, म्हणून तो पुसता येतो, बोटाने पसरवता येतो आणि मऊ रबराने त्यातून उजेड बाहेर काढता येतो. मात्र शेवटी त्यावर स्थिरक, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारे द्रव्य, फवारावे लागते. शाईला माघार नाही. ग्रॅफाइटचा गडद भाग तिरप्या उजेडात चकाकतो, कोळशाचा चकाकत नाही. दोन्ही एकाच चित्रात विचार न करता वापरले की सावलीचे तुकडे पडतात, ही चूक अनुभवी विद्यार्थीही करतात.

पुसणे हीदेखील रेखांकनाची क्रिया आहे, हा विचार पुढील पिढ्यांनी टोकाला नेला. अमेरिकन कलावंत रॉबर्ट रॉशेनबर्ग यांनी 1953 मध्ये नामवंत चित्रकार विलेम डी कूनिंग यांच्याकडून मागून घेतलेले रेखांकन पुसून ते स्वतःची कृती म्हणून मांडले. दक्षिण आफ्रिकेचे कलावंत विल्यम केंट्रिज एकाच कागदावर कोळशाने काढतात, पुसतात, पुन्हा काढतात व प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन चलत्पट करतात. पुसल्याचे करडे डाग त्यात स्मृतीसारखे राहतात. याच्या उलट, अमेरिकन कलावंत सॉल लेविट यांनी 1968 पासून केलेली भित्तिरेखांकने लिखित सूचनांच्या आधारे इतर हातांनीही साकारता येतात. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत 1972 पासून शिकवणाऱ्या नसरीन मोहमदी (1937–90) यांनी शाई, पेन्सिल आणि तांत्रिक आरेखनाची उपकरणे घेऊन काढलेल्या रेषा या चर्चेत विशेष उपयुक्त ठरतात, कारण पट्टीने ओढलेली रेषा निर्विकार असते हा समज त्या खोटा पाडतात. अभिव्यक्ती म्हणजे आवेगाने मारलेले फराटे, अशी समजूत करून घेतलेल्या विद्यार्थ्याने त्या पाहाव्यातच.

वर्गातील कामाचा सर्वांत कठीण भाग सामूहिक समीक्षेचा असतो. चित्रे भिंतीवर लागतात आणि अनेक ठिकाणी चित्रकाराने आरंभी गप्प बसायचे असते. इतरांना काय दिसले ते आधी ऐकायचे. त्यातून हेतू आणि परिणाम यांतले अंतर उघड होते. सत्राच्या मध्यापासून विद्यार्थी स्वतः निवडलेल्या एका प्रश्नावर चित्रमालिका करतो आणि तिच्यासोबत रेखाटनवही व लेखी निवेदन सादर करतो. परीक्षणात तयार चित्रांइतकेच वहीलाही वजन असते, कारण बदललेले निर्णय तिथेच दिसतात. निवेदनाची अट मात्र दुधारी आहे. चांगले लिहिणाऱ्याचे सामान्य काम त्यामुळे तरून जाते, आणि ज्याचा विचार हातातून चालतो त्याला अकारण तोटा होतो.

निरीक्षणाचा सराव जुनाट ठरवून काही अभ्यासक्रमांनी तो कमी केला. त्या मोकळिकीतून धाडसी काम झाले, पण वैयक्तिक म्हणवली जाणारी चित्रे एकमेकांसारखी दिसू लागण्याचा धोकाही वाढला. समोरच्या वस्तूचा अडसर नसला की हात पाठ झालेल्या वळणांकडेच जातो. डिजिटल पाटीवर हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे चुकलेली रेषा एका आज्ञेत मागमूस न ठेवता नाहीशी होते आणि परीक्षकाला केवळ अंतिम प्रतिमा उरते. त्यामुळे अशा कामासाठी टप्प्याटप्प्याच्या प्रती जपून ठेवणे किंवा ती आज्ञा न वापरता एक पूर्ण चित्र काढणे असे सराव दिले जातात.