अणुचाचणी क्षेत्राची सफाई : कामगारांची प्रारणसुरक्षा

अणुचाचण्यांनी दूषित झालेली माती व भंगार हलवताना कामगारांना किरणोत्सारी द्रव्यांपासून जपण्याची पद्धत. अशा जागी बाहेरून येणाऱ्या किरणांपेक्षा नाकातोंडावाटे आत जाणारी धूळ बहुधा जास्त घातक ठरते.

सोलापुरातल्या रुग्णालयांत एक्स-रे तंत्रज्ञाच्या छातीवर, शिशाच्या एप्रनखाली, टीएलडी बॅज (अंगावर पडलेल्या किरणांची नोंद ठेवणारा बिल्ला) असतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात; तीन महिन्यांनी त्या तापवून किरणांची साठलेली मात्रा मोजतात. भारतात अशा कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आहे, आणि कोणत्याही एका वर्षात 30. चाचणी क्षेत्रावर सीझियम-137 या स्फोटातून उरलेल्या किरणोत्सारी द्रव्यामुळे येणारे गॅमा किरण हा बॅज टिपतो. अणुबाँबमधल्या प्लुटोनियमपुढे मात्र तो आंधळा. त्याचे अल्फा कण कागदानेही अडतात, कातडीच्या मृत थरापलीकडे जात नाहीत. पण तीच धूळ फुप्फुसात बसली की वर्षानुवर्षे आतून मारा करते. प्लुटोनियम-239 चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे 24,100 वर्षे आहे.

यंत्रमागावर काम करताना सुताचे तंतू नाकात जाऊ नयेत म्हणून विणकर तोंडाला टॉवेल गुंडाळतो. तंतू त्यात अडकतात. मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापाच्या कणाला तोच टॉवेल म्हणजे सताड उघडे दार. म्हणून घट्ट बसणारा गाळणीचा मुखवटा लागतो, माती ओली ठेवावी लागते, हवेचे नमुने घ्यावे लागतात. श्वासातून काही आत गेलेच असेल, तर ते लघवीच्या तपासणीत शोधतात.

पण सोलापुरातल्या मे महिन्यासारख्या उन्हात बंद सूट आणि मुखवटा घालून फावडे किती वेळ चालणार? ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, मारलिंगा येथे, ब्रिटिशांनी साध्या स्फोटकांनी सुमारे 22 किलो प्लुटोनियम उधळले होते. तिथल्या 1995–2000 च्या सफाईत यंत्रचालकांना गाळलेल्या हवेच्या बंद केबिनमध्येच बसवले. मुखवट्यावर विसंबण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचे.

बाहेर पडतानाची तपासणी किचकट असते. मनगटावरची चिकटपट्टी सोडवून सूट आतली बाजू बाहेर करत गुंडाळत उतरवतात, मुखवटा शेवटी. मग तळहातापासून बोटभरही अंतर न ठेवता मापक सावकाश फिरवतात, कारण अल्फा कण हवेत जेमतेम काही सेंटिमीटर जातात. हात घामेजलेला असेल तर घामाचा पातळ थरही त्यांना अडवतो आणि मापक गप्प राहतो. म्हणून आधी हात कोरडा होऊ देतात.

मार्शल बेटांतील एनेवेटाक येथे 1948 ते 1958 दरम्यान अमेरिकेने 43 चाचण्या केल्या. 1977–1980 मध्ये जवानांनी तिथली दूषित माती रुनित बेटावरच्या स्फोटविवरात भरून वर काँक्रीटचा घुमट बांधला. मुखवट्याविना, अर्ध्या चड्डीवर काम केल्याचे अनेकांनी पुढे सांगितले. त्यांच्या ठरावीक आजारांचा या कामाशी संबंध गृहीत धरणारा कायदा अमेरिकेत झाला तो 2022 साली.