ग्लेझ आणि रंगीत व्हार्निश: चित्राला जुनेपण कशाने येते?

ॲक्रिलिकमधले चित्र जुन्या तैलचित्रासारखे दिसावे म्हणून काय करावे, असे विचारले की हमखास एकच सल्ला मिळतो: व्हार्निशमध्ये थोडा तपकिरी रंग मिसळा आणि सगळ्या चित्रावरून एक हात फिरवा. यालाच पुढे ग्लेझिंग म्हटले जाते. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या रविवारच्या वर्गात येणारे विद्यार्थी दरवर्षी हीच समजूत सोबत घेऊन येतात, आणि ती खोडून काढल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

व्हार्निश बहुतेकांच्या ओळखीचे असते: पूर्ण वाळलेल्या चित्रावरचे पारदर्शक, संरक्षक आवरण. मॅट घ्यावे की ग्लॉस, कुंचल्याने लावावे की फवाऱ्याने, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. ग्लेझ म्हणजे ॲक्रिलिक मीडियममध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या बिनरंगी द्रवात, अगदी थोडा पारदर्शक रंग मिसळून दिलेला पातळ थर. दोन्ही पातळ, दोन्ही चकचकीत, म्हणून डोळा फसतो.

खरा फरक आहे तो रंगाचा मुक्काम कुठे आहे, यात. ग्लेझ हा चित्राचाच भाग असतो आणि वाळल्यावर खालच्या थराशी कायमचा जोडला जातो. चित्रासाठीचे बहुतेक चांगले व्हार्निश मात्र मुळातच पुढे कधीतरी काढता यावे म्हणून बनवलेले असते. मासुंदा तलावाच्या काठावरून केलेल्या एका चित्रावर मी स्वतः पूर्वी व्हार्निशमध्ये अंबर नावाचा तपकिरी तैलरंग घोळवून लावला होता. दोन पावसाळ्यांनी त्यावर पांढुरकी साय धरली. कापसाच्या बोळ्यावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन ती पुसायला गेलो, तर बोळा कोऱ्या चहासारखा तपकिरी झाला आणि कोपिनेश्वर मंदिराच्या कळसामागचे कच्चे निळे आकाश जसेच्या तसे उघडे पडले. ज्या रंगाला मी चित्राचा समजत होतो, तो चित्रात कधी उतरलाच नव्हता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सगळीकडे सारखे फिरवलेले तपकिरी व्हार्निश उजेडालाही मळवते आणि सावलीलाही. उजेड खाली येतो, सावली मात्र खोल होत नाही, आणि चित्र जुने न दिसता नुसते धुरकटलेले दिसते. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या समूहचित्राला ‘नाइट वॉच’ हे नाव पुढे चिकटले, कारण काळवंडलेल्या व्हार्निशमुळे त्यातला दिवसाचा प्रसंग लोकांना रात्रीचा वाटू लागला. १९४० च्या दशकातल्या सफाईनंतर त्यातला उजेड पुन्हा दिसला. आपण ज्या तपकिरीपणाची नक्कल करतो, तो चित्रकाराचा रंग नसून व्हार्निशमधल्या पिवळ्या पडलेल्या राळेचा आहे. जुन्या तैलचित्रांची खोली येते पारदर्शक थरांतून: प्रकाश रंगीत थरातून आत शिरतो, खालच्या फिक्या रंगावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो.

पितळेच्या समईचे चित्र घ्या. खालचे काम नेहमीपेक्षा एक पायरी फिके ठेवा. चमचाभर ग्लेझिंग मीडियममध्ये तांदळाच्या दाण्याएवढा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) मिसळा, समईच्या सावलीच्या अंगाला रुंद मऊ कुंचल्याने पसरा, आणि थर ओला असतानाच जुन्या धोतराच्या तुकड्याने उजेडाच्या कडेवरून अलगद टिपून घ्या. ओला असताना तो दुधाळ दिसेल. वाळला की निवळतो. असे पाच-सहा थर द्या, शेवटचे एक-दोन रॉ अंबरचे आणि तेही फक्त गाभ्यातल्या सावलीत. प्रत्येक थर पुरता वाळू द्या, कारण अर्धवट वाळलेल्या थरावर कुंचला फिरला की खालचा थर उचलला जातो आणि तिथे टक्कल पडते. जुलैत खाडीकडच्या दमट हवेत एका दिवसात एकच थर, हा माझा नियम आहे.

मीडियमऐवजी नुसते पाणी ओतणे मला मान्य नाही. पाण्याने बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा घटक, विरळ होतो आणि रंग कॅनव्हासच्या विणीत साचून ठिपके पडतात. यलो ऑकर आणि टायटॅनियम व्हाइट ग्लेझसाठी वापरू नका. अपारदर्शक रंगाचा थर धुक्यासारखा बसतो. अनेक ट्यूबवर छोटा चौकोन छापलेला असतो: रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक.

क्रॅकल मीडियमने चित्रभर भेगा पाडणेही मी वर्गात होऊ देत नाही. तैलरंगाचा थर वर्षानुवर्षे कडक होत जातो आणि खालचे लाकूड किंवा कापड हलत राहते, म्हणून तो तडकतो. बाटलीतून येते ती आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखी, एकसारखी जाळी.

व्हार्निश लावायचेच, पण बिनरंगी आणि सर्वांत शेवटी. त्याआधी दोन भाग ग्लॉस सॉफ्ट जेल (चकचकीत, दाटसर ॲक्रिलिक मीडियम) आणि एक भाग पाणी यांचा एक विलग थर द्या, म्हणजे उद्या व्हार्निश पुसताना टर्पेंटाइनचा बोळा ग्लेझपर्यंत पोहोचणार नाही. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. दसरा होऊन हवा कोरडी होईपर्यंत चित्र भिंतीपासून थोडे दूर, उघड्या हवेत उभे राहू द्या.