सॉकेटवरचा आकडा आणि पडद्यावरचं आउटपुट

डिजिटल मिक्सरवर नवा ऑपरेटर अडतो तो बहुतेक वेळा आउटपुटच्या पानावर. मीटर हलतंय, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती खिट्टी) वर आहे, केबल तपासून झाली, तरी स्पीकर गप्प. बस, म्हणजे अनेक चॅनेलचे आवाज जिथे एकत्र होतात ती आतली वाट, आणि मागचं सॉकेट यांची गाठच कुणी घातलेली नसते.

अ‍ॅनालॉग मिक्सरमध्ये ही गाठ कारखान्यातच पडलेली असे. ऑक्स म्हणजे मॉनिटर वगैरेंसाठी वेगळं मिश्रण नेणारी बस; ऑक्स ३ मध्ये जे जमेल ते आतल्या तारेने थेट ‘ऑक्स ३’ छापलेल्या सॉकेटवर येई. बदल हवा असेल तर टॉर्च दातात धरून मिक्सरच्या मागे वाकायचं आणि केबल हलवायची. गायकाचा मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, शिट्टी मारू लागला, तर त्या वाटेत ठरावीक पट्टीतला आवाज कमी करणारा ग्राफिक इक्वलायझर जोडायचा. असे डबे साठत जाऊन मिक्सरशेजारी आख्खी रॅक उभी राहायची.

त्यातला एक डबा, सिग्नल थोडा उशिरा सोडणारा डिले, मला फार महत्त्वाचा वाटतो. २८ जुलै १९७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या मैदानावर अंदाजे ६ लाख लोक जमले होते. स्टेजवरच्या स्पीकरचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून गर्दीच्या मध्ये स्पीकरचे मनोरे उभारले. पण तारेतून सिग्नल क्षणात पोचतो, हवेतून आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४३ मीटरच चालतो. ३४ मीटरला एक दशांश सेकंद लागतो. म्हणजे मागच्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येणार. मनोऱ्यांकडे जाणारा सिग्नल तेवढाच थोपवून धरायला ईव्हेंटाइड कंपनीची डिजिटल डिले यंत्रं वापरली गेली. डिजिटल तंत्र मोठ्या मैदानांत शिरलं ते असं आउटपुटच्या दारातून, मिक्सर डिजिटल होण्याच्या कितीतरी आधी.

पुढे मिक्सरच डिजिटल झाले. २००० च्या सुमारास यामाहाचा पीएम१डी आला, २००२ मध्ये डिजिकोचा डी५ लाइव्ह. दोन्ही मोठ्या दौऱ्यांच्या ऐपतीचे. २००५ च्या यामाहा एम७सीएलमध्ये १६ मिक्स बस आणि ८ मॅट्रिक्स (बसचेच आवाज पुन्हा मिसळून बाहेर नेणाऱ्या वाटा) होत्या, आणि मागच्या सॉकेटांवर ऑक्स किंवा ग्रुप असं न छापता ‘ओम्नी आउट’ छापलेलं होतं. कुठल्याही सॉकेटवर काहीही आणा! माझ्या मते आउटपुटच्या इतिहासातली खरी फारकत या शब्दात दिसते. सॉकेटचं काम कारखान्याऐवजी ऑपरेटर ठरवू लागला. इक्वलायझर आणि डिलेही आतच आले, रॅक रिकामी झाली.

२०१२ मध्ये बेहरिंगर एक्स३२ ने हेच स्वातंत्र्य छोट्या साउंडवाल्याच्या आवाक्यात आणलं. १६ आउटपुट, ६ मॅट्रिक्स, आणि प्रत्येक आउटपुटसाठी तीन गोष्टी सांगायच्या: कुठली बस, ती कुठून उचलायची, किती डिले. ‘कुठून’ला कमी लेखू नये. रेकॉर्डिंगची वाट मास्टर फेडरनंतर उचलली, तर सभागृहात आवाज कमी करताच रेकॉर्डिंगही बसतं.

त्याच मिक्सरवर मेन लेफ्ट आणि राइट मुळात १५ आणि १६ वर लावलेले असतात, १ आणि २ वर नव्हे. शिवाय भाड्याने आलेल्या मिक्सरमध्ये आदल्या कार्यक्रमाचा पॅच, म्हणजे बस आणि सॉकेटांच्या जोडण्या, तसाच राहिलेला असू शकतो. म्हणून मी स्पीकर चालू करण्याआधी एकेका आउटपुटचं नाव वाचतो, आणि त्या नावाची चिकटपट्टी मागच्या सॉकेटवर लावतो.