बंद खाणीवरची वनस्पती मोजणी: परवानगी कुणाची, कागद कुठले आणि चौकट टाकायची कशी

खानापूर-बेळगाव भागात खाणकाम संपलेल्या जागेवर माती पसरून झाडं लावलेली असतात, तिथं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा गावच्या चराईसाठी काय काय उगवलंय ते मोजायचं असेल तर आधी जमीन कुणाची ते बघा. भूमी पोर्टलवर सर्व्हे नंबर टाकून आरटीसी काढा, म्हणजे आपला उतारा. लीज चालू असेल तर अर्ज खाणीच्या मॅनेजरला, फॉरेस्ट असेल तर आरएफओ (रेंज वन अधिकारी) मार्फत डीसीएफना (उपवनसंरक्षक), खासगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जागा येत असेल तर राज्याच्या मुख्य वन्यजीव वॉर्डनची परवानगी लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यातच अर्ज टाका. चंदगडकडचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट खडकाळ पठारं, महाराष्ट्रात, तिथली ऑफिसं वेगळी.

अर्ज कुणीही करू शकतो, पण विद्यार्थ्यांनी प्रिन्सिपलचं पत्र जोडलं तर काम सोपं होतं. सोबत आधारची झेरॉक्स, टीममधल्या सगळ्यांची नावं, तारखा, जागेचा नकाशा आणि "झाडं उपटणार नाही" असं हमीपत्र द्या. नमुना म्हणून फांदी तोडायची असेल तर ते अर्जात वेगळं मागा. काम चालू असलेल्या खाणीत १८ वर्षांच्या आतल्या मुलांना नेऊ नका, हेल्मेट-बूट पाहिजेतच.

आता महत्त्वाचा कागद, तो बरेच जण मागतच नाहीत. पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि त्यातल्या अटी पाळल्या का ते सांगणारा सहामाही अहवाल. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम तपासणी) अधिसूचनेप्रमाणे मंजुरी मिळालेल्या खाणीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला हा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक कागद आहे, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधा. नाही सापडला तर आरटीआय, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. मात्र कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत ठेवायचा, आणि कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे म्हणून इथं मराठीत लिहून अडकून बसण्यापेक्षा कन्नड येणाऱ्या मित्राकडून लिहून घ्या.

एवढी धडपड कशाला, तर सुप्रीम कोर्टानं ८ जानेवारी २०२० ला सांगितलंय की खाणकाम संपल्यावर लीजवाल्यानं स्वतःच्या खर्चानं परत गवत उगवून जमीन चारा, वनस्पती आणि प्राण्यांसाठी योग्य करून द्यायची. खाणीवर लावलेल्या अकेशिया झाडांच्या रांगा लांबून हिरव्यागार दिसतात, पण खाली पाल्याचा थर आणि गवताची काडी नाही, मग गवळी-धनगरांच्या म्हशींनी खायचं काय? हे फोटोत कळत नाही, मोजल्यावरच कळतं.

मोजताना लागवडीच्या वयाप्रमाणे जागेचे भाग पाडा, उतार आणि सपाटी वेगळी धरा, आणि प्रत्येक भागातले पॉइंट घरी नकाशावरच चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर पाय आपोआप चांगल्या हिरवळीकडंच वळतात. गवत आणि छोट्या रोपांना १ बाय १ मीटरची चौकट, झुडपांना ५ बाय ५, झाडांना १० बाय १०. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घ्या. गवत किती टक्के जमीन झाकतंय हे अंदाजानं लिहू नका, ५० मीटरचा टेप ताणा, दर अर्ध्या मीटरला सरळ सळई सोडा आणि टोकाला काय लागतंय ते लिहा, १०० पॉइंट झाले की टक्केवारी थेट मिळते. चौकटी किती? नवीन चौकटीत नवीन जात मिळायची जवळजवळ थांबेपर्यंत.

आणि शेजारचा न खणलेला सडा त्याच पद्धतीनं मोजाच, तुलनेला तोच लागतो. अमेरिकेत कोळसा खाणींच्या नियमात नवीन आच्छादन ठरवलेल्या मापाच्या निदान ९० टक्के भरलं तरच पास धरतात, तेही ९० टक्के सांख्यिकी खात्रीनं. आपण निदान दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडूया.

वेळ ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. गेंद, सीतेची आसवं, कवला तेव्हाच फुलावर असतात, डिसेंबरात गेलात तर सडा उघडाबोडका दिसेल आणि यादी चुकेल. घाणेरी, रानमोडी ही बाहेरून येऊन पसरलेली झुडपं दिसली तर वेगळ्या रकान्यात लिहा. ओळख पटली नाही तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या किंवा पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नमुना दाखवा. चौकटीच्या कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या मारून जीपीएस लिहून ठेवा, आणि रिपोर्टची एक प्रत परवानगी देणाऱ्या ऑफिसला, एक पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) देऊन पोच घ्या.