चकलीचा डबा आणि अकरावा कार्बन

दिवाळी सरून महिना होतो. तळाशी उरलेल्या चकल्यांसाठी डबा उघडला की जो वास येतो, त्याला आपण खवट म्हणतो. लाकडी घाण्याचं तेल वापरलं तर तो येतच नाही, असं हल्ली छातीठोकपणे सांगतात. हे खरं नाही. घाण्याचं असो की रिफाइंड, तेलात लिनोलेइक आम्ल हे स्निग्ध आम्ल आणि भोवती हवा असेल तर ते आज ना उद्या खवटणारच.

या आम्लात १८ कार्बनांची साखळी असते. त्यातले ९-१० आणि १२-१३ हे दुहेरी बंधाने जोडलेले, आणि मधोमध सापडलेला अकरावा. सगळी गंमत इथे आहे! दोन्ही बाजूंच्या दुहेरी बंधांमुळे अकराव्याचा हायड्रोजन फार सैल असतो. तो निघाला की एकटा पडलेला इलेक्ट्रॉन ९ ते १३ या पट्ट्यात पसरतो आणि ऑक्सिजन पट्ट्याच्या टोकाला, नवव्यावर किंवा तेराव्यावर बसतो. हा नवा रेणू शेजारच्या रेणूच्या अकराव्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो आणि हायड्रोपेरॉक्साइड होतो. आता शेजारी तेच करायला मोकळा. हायड्रोपेरॉक्साइडला वास नसतो. पण तेराव्यावरचा फुटला की सहा कार्बनांचं शेपूट सुटतं. ते हेक्झॅनाल, खवट वासातला एक मोठा भागीदार.

तेलात अशा शेकडो पदार्थांची सरमिसळ असते. त्यातला एखादा नेमका मोजायचा तर ताडून पाहायला तो शुद्ध हवा, म्हणून तो प्रयोगशाळेत बनवतात. तेराव्यावरच्या हायड्रोपेरॉक्साइडसाठी सोयाबीन कामी येतं. त्यातलं लिपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) लिनोलेइक आम्लावर ऑक्सिजन जवळजवळ फक्त तेराव्यावर, तेही एकाच बाजूने बसवतं. बर्फात फ्लास्क, पीएच ९ चं द्रावण, ऑक्सिजनचे बुडबुडे. दुहेरी बंध सरकून एकाआड एक येतात, त्यामुळे २३४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषला जातो. हे शोषण मोजणाऱ्या यंत्रावरची रेघ चढत जाते. सपाट झाली की काम झालं. सोडियम बोरोहायड्राइड घातलं की हायड्रोपेरॉक्साइडचं जास्त टिकाऊ हायड्रॉक्सी आम्ल होतं.

तेही आर्गॉन वायूखाली, उणे ८० अंशांवर ठेवावं लागतं. दुहेरी बंध अजून शाबूत असतात, आणि हवा तर सगळीकडेच आहे.